लेकीच्या घरचं जेवण

बाबा मोहगावजवळच्या आमच्या गावाहून पांढुर्ण्याला माझ्याकडे राहायला आले, तेव्हा अंगाने चांगले भरलेले होते. हे आधीच लिहून ठेवतो. पुढे ते जे वाळत गेले, ते माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर.

आई जाऊन काही वर्षं झाली होती. संत्र्याचा बगिचा बटईने, म्हणजे वाट्याने कसायला दिलेला होता, तरी बाबा रोज तिकडे एक चक्कर मारायचे. एकदा परत येताना ते दुसऱ्याच्याच शेतातल्या कोठ्यावर, गुरांच्या गोठ्यापाशी जाऊन बसले आणि त्या शेताच्या मालकालाच विचारू लागले, "तुम्ही कोण होय? माह्या कोठ्यावर काय करून राहिले?" त्यानंतर नागपूरला दाखवलं. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला आणि आता यांना एकटं ठेवू नका म्हणाले. मी पांढुर्ण्याला सरकारी कचेरीत नोकरीला. घर स्वतःचं, घरात बायको आणि मी, मुलं बाहेर शिकायला. बाबांना घेऊन आलो. दोन वेळचं गरम जेवण तरी मिळेल, एवढंच मनात होतं. माणसाला जेवू घालणं ही शिकायची गोष्ट असते, असं मला तेव्हा वाटलंच नव्हतं.

पहिले काही दिवस ठीक गेले. मग बाबांनी जेवण टाकलं.

टाकलं म्हणजे भांडून नाही. फार नम्रपणे. ते दाराजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसून राहायचे, डोक्यावर टोपी, मांडीवर कापडी थैली. त्या थैलीत काहीच नसायचं, पण ती ते खाली ठेवत नसत. बायको ताट वाढून बोलवायची.

"बाबा, चला जेवाले."

"नाई वो बाई. जेवूनच निघालो मी."

"मग थोडी खीर तरी घ्या."

"आता पोटात जागाच नाई. तुम्ही जेवा."

पाणीसुद्धा नको म्हणायचे. "आताच प्यालो," म्हणत हात जोडायचे. आम्ही त्यांच्या आवडीचं सगळं करून पाहिलं. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, पाटोडीची रस्साभाजी. बायकोने कोथिंबिरीच्या सांबारवड्या केल्या, तो वास साऱ्या गल्लीत गेला, पण बाबांनी मान वळवली नाही. दात तपासले, रक्त तपासलं, भुकेचं औषध आणलं. डॉक्टर म्हणाले, या आजारात भूक लागलेली माणसाला कळेनाशी होते, चवही मंदावते. हे उत्तर मला पटलं. खरं तर सोयीचं वाटलं. भूकच गेली असेल तर दोष कुणाचाच नाही.

मग एक दिवस कचेरीत शेजारच्या टेबलावरचा सोबती म्हणाला, "काहून रे भाऊ, बाबाले घरी खाऊ नाई घालत का? सकाळी चौकातल्या हॉटेलात आलूबोंडे खाऊन राहिले होते. एकावर एक!"

टेबलांवर हशा पिकला. मीही हसलो. पण दिवसभर मला ते शब्द टोचत राहिले. बाबांना भूक लागत होती. त्यांना फक्त माझ्या घरी जेवायचं नव्हतं.

हे कळल्यावर मी थांबून विचार करायला हवा होता. मला राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीची वेळ होत आलेली, बाबा पुन्हा थैली घेऊन खुर्चीच्या कडेवर. मी वरणभात कालवून त्यांच्यासमोर बसलो. ते म्हणाले, "राहू द्या." मी म्हटलं, "राहू द्या काय? लोक मले विचारून राहिले, बापाले उपाशी ठेवतो का म्हणून!" हात जोडून ते काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं. मी डाव्या हाताने त्यांची हनुवटी धरली, गाल दाबले आणि घास आत घातला. वर आणखी एक घातला.

ते हात जोडून बसले होते. जोडलेले हात त्यांनी सोडले नाहीत, माझा हातही ढकलला नाही. मग त्यांना ठसका लागला. तो थांबेचना. चेहरा काळानिळा झाला. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, त्यांना पुढे वाकवून पाठीवर थोपटत राहिली. घास पडला, श्वास आला. संध्याकाळी ताप चढला. दोन दिवसांनी आम्ही त्यांना घेऊन नागपूरच्या दवाखान्यात होतो. अन्नाचा कण श्वासाच्या नळीत उतरला होता.

डॉक्टरांनी विचारलं, "जबरदस्तीने भरवलं होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

बायको शेजारीच उभी होती. तिने ते पुढेही कधी काढलं नाही, आणि मला वाटतं, तिने काढायला हवं होतं.

दवाखान्यातून सुटताना तिथल्या एका बाईंनी आम्हाला बसवून सगळं समजावलं. ताठ बसवूनच भरवायचं, मान मागे जाऊ द्यायची नाही. घास लहान. एक गिळला का हे पाहून मग दुसरा. गालात अन्न राहतं, ते पाहायचं. पातळ आणि घट्ट एकत्र द्यायचं नाही. ताटात एका वेळी एकच पदार्थ, म्हणजे गोंधळ होत नाही. टीव्ही बंद, बोलणं कमी. घाई नाही. वाद तर मुळीच नाही. मी मान डोलावत होतो. पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. दवाखान्यात बाबा व्यवस्थित जेवले होते. त्या परक्या खोलीत, परक्या बाईच्या हातून, मागून घेऊन.

घरी आलो आणि बाबा पुन्हा दाराजवळच्या खुर्चीत. टोपी, थैली. "जेवूनच निघालो."

कोडं बायकोने सोडवलं. दुपारी ती मेथी निवडत त्यांच्याजवळ बसली होती. बाबा इकडेतिकडे पाहून हळू आवाजात तिला म्हणाले, "जवाई बरा वागवते ना तुले, माय?"

संध्याकाळी मी आल्यावर तिने मला मागच्या अंगणात नेलं. "बाबा मले तुमची ताई समजून राहिले," ती म्हणाली. "आणि तुम्हाले जवाई."

मग मला एकेक आठवू लागलं. बाबा मला 'तुम्ही' म्हणत होते. मी आजाराचाच भाग समजून सोडून दिलं होतं. ते माझ्यासमोर पाय वर घेऊन बसत नव्हते. ठसका लागण्याआधी हात जोडून ते काहीतरी पुटपुटले होते, ते शब्द आता लागले: "राग नका मानू, जवाईबापू."

आमच्याकडच्या जुन्या माणसांत आईबाप लेकीच्या सासरी जेवत नाहीत. पाणीसुद्धा घेत नाहीत. लेकीला मूल झालं की नातवंडाच्या निमित्ताने जेवायचं, तोवर तिच्या उंबऱ्यात जायचं, बसायचं, ख्यालीखुशाली विचारायची आणि निघायचं. आता हे फारसं कुणी पाळत नाही. बाबांनी पाळलं, आणि त्याचं कारण माझी बहीण आहे.

ताई माझ्याहून मोठी. तिचं सासर सौंसरला, आमच्या गावाहून जवळच. तिला मूल झालं नाही. तिने काय काय केलं ते मी इथे लिहिणार नाही. बाबा बाजारासाठी सौंसरला जायचे तेव्हा तिच्याकडे टोपलीभर संत्री घेऊन जात. ओट्यावर बसत, टोपी डोक्यावरच. ती पाणी आणायची. ते "आताच प्यालो" म्हणत, आणि मग बसस्टँडवरच्या नळावर ओंजळीने पीत. मी लहानपणी त्यांच्यासोबत जायचो. मला तिच्याकडे शिरा मिळायचा. मी तो त्यांच्यासमोर खायचो. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर एकदा ताईने न विचारता त्यांच्यापुढे वाढलेलं ताट ठेवलं होतं. त्यांनी हात जोडले. तिने ताट उचलून आत नेलं. मग पुन्हा कधी ठेवलं नाही.

आणि आता तेच बाबा माझ्या घरात, माझ्या बायकोला ताई समजून, हात जोडून उपाशी बसले होते.

मी आधी काय केलं? त्यांना समजावत बसलो. "बाबा, मी तुमचा मुलगा. ही तुमची सून. हे तुमचं घर." ते ऐकायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "तुमचा मोठेपणा आहे, जवाईबापू." आल्बम काढून फोटो दाखवले. त्यांनी माझ्या लग्नातला फोटो निरखून पाहिला आणि विचारलं, "माहा पोरगा कुठं राहते आता?" मी आल्बम मिटला.

एका दुपारी बायको त्यांना फार विनवत होती. मी ताट घेऊन उभा होतो. बाबा तिला समजुतीने म्हणाले, "लेकरू होऊ दे तुले, माय. मंग येतो ना मी जेवाले. म्हणशील तितके दिवस राहतो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "झालं ना बाबा. पोरगा झाला."

मी हे ठरवलेलं नव्हतं. पण बाबांचा चेहरा पाहिला आणि शब्द मागे घ्यायचं धाडस झालं नाही. ते उठून उभे राहिले. थैली खाली ठेवली. टोपी काढून खुंटी शोधू लागले. "कधी? आणि मले आता सांगून राहिले? हात धुवाले पाणी दे, बाई." मग ते मोरीकडे गेले, हात धुतले, पाटावर बसतात तसे ताठ खुर्चीत बसले आणि जेवले. एक अख्खी भाकर. अधूनमधून थांबून विचारायचे, "कोनावर गेला?" मी म्हणालो, "तुमच्यावर." ते खाली मान घालून हसले.

"कुठं आहे?"

"आत झोपला आहे."

तेव्हापासून त्यांनी आवाज खाली घेतला. जेवण होईस्तोवर एक शब्द मोठ्याने बोलले नाहीत, टीव्हीकडे बोट करून तो बंद करायला लावला. दवाखान्यातल्या बाईंनी जे जे सांगितलं होतं, ते सगळं त्या बाळाने करून दिलं. शांतता, सावकाशपणा, एकचित्त. घास चावून चावून खायचे, कारण घाईने ठसका लागला तर बाळ उठेल.

पुढच्या जेवणाला ते सगळं विसरलेले असायचे. पुन्हा थैली, पुन्हा "जेवूनच निघालो". मग मी पुन्हा सांगायचो आणि तो चेहरा पुन्हा तसाच उजळायचा. रोज दोनदा माझ्या घरात एक मूल जन्माला यायचं. मी त्यात पटाईत झालो. बाळाचं जावळ कसं आहे, रात्री किती जागवतो, हे रचून सांगू लागलो. बाबा बायकोला सांगायचे, "डिंकाचे लाडू खात जा. थंड पाण्यात हात नको घालू." तिला स्वतःच्या बाळंतपणात सासऱ्यांनी असं कधी विचारलं नव्हतं. एकदा ती ताट उचलताना म्हणाली, "आपण हे ताईला सांगायला पाहिजे."

"सांगू," मी म्हणालो.

सांगितलं नाही. ताईचा फोन यायचा, "बाबा जेवते का?" मी म्हणायचो, "आता मस्त जेवतात. अंगही भरलं." ती विचारायची, "काय केलं तुम्ही?" मी म्हणायचो, "सवय झाली घराची." तिला किती बरं वाटायचं ते मला फोनवर ऐकू यायचं. तिचं दुःख घेऊन मी त्याचा घास केला होता आणि तो बापाला भरवत होतो. हे मला माहीत होतं, आणि तरीही मला त्या दोन वेळा आवडू लागल्या होत्या. खरं सांगायचं तर मी त्यांची वाट पाहायचो. माझी मुलं झाली तेव्हा बाबा इतके आनंदी दिसल्याचं मला आठवत नाही.

थंडी संपत आली होती. एका रविवारी दुपारी मी बाबांच्या शेजारी बसून जेवण चाललेलं पाहत होतो. दार उघडंच होतं. ताई न कळवता सौंसरच्या बसने आली होती. पिशवी हातात घेऊन ती दारात उभी राहिली. मी उठणार तोच बाबांनी तिला पाहिलं. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू या बाई," ते म्हणाले. "बाळ पाह्याले आल्या ना? आता झोपून आहे."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी नजर ताटाकडे वळवली.

"कोनाचं बाळ?" तिने विचारलं.

"माह्या लेकीचं. पोरगा झाला तिले." त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे हात केला. "लय वर्षं वाट पाह्यली आम्ही. तिची माय गेली वाट पाहून पाहून. बसा ना. बसा."

ताई बसली. पिशवी मांडीवरच होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बरं झालं, बाबा. तुम्ही जेवा."

"जेवून राहिलो ना. आता काय, आता पोटभर जेवतो लेकीच्या घरी."

ती त्यांच्या ताटाकडे पाहत बसून राहिली. त्यांचं सगळं जेवण होईपर्यंत हलली नाही. एकदा त्यांच्या हनुवटीवर वरण ओघळलं, तेव्हा पदराने पुसायला तिचा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला. परक्या बाईने पुसलेलं त्यांना चालेल का, हे तिला कळेना, असं मला वाटलं.

बाबा आडवे झाल्यावर ती मागच्या अंगणात आली. मी तिथे जाऊन उभा होतो, पळून गेल्यासारखा.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या मागून."

"म्हणून सवय झाली घराची?"

मी मान खाली घातली.

"मले न विचारता मले पोरगा करून टाकला." ती हसली नाही, पण आवाजात लहानपणी मला चिडवायची तशी धार होती. "नाव काय ठेवलं त्याचं?"

"नाही ठेवलं."

"एवढे दिवस बिननावाचा? वा रे मामा."

मी रडलो. ती रडली नाही. तिने मला थोपटलंही नाही. दोरीवरचे वाळलेले कपडे काढून घड्या घालू लागली, बाबांचं धोतर, माझे शर्ट. मी म्हणालो, "दुसरं काही चालत नव्हतं, ताई. मी जबरदस्तीही करून पाहिली." आणि मग ते सगळं तिला सांगितलं. गाल दाबले ते, ठसका, डॉक्टरांशी बोललेलं खोटं. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने घडी घालायचं थांबवलं नाही.

सगळं ऐकून ती म्हणाली, "त्याईले माह्या घरी घेऊन जातो मी."

"तुझ्या घरी?"

"लेकीच्या घरीच जेवते ना? मंग लेकीच्या घरीच जेवू दे."

मी घाबरलो. बापाला मुलाने बहिणीकडे पाठवलं, हे गावात कसं दिसेल, हा विचार आधी आला. तोही लपवत नाही. मग म्हटलं, "पण तिथे तुलाच रोज सांगावं लागेल. बाळ झालं म्हणून."

"मी नाई सांगणार."

"मग ते जेवणार नाहीत."

"नाई जेवले तर पाहू."

"पाहू काय? उपाशी राहतील! पुन्हा वाळतील. तुले तुह्या मानासाठी..." मी बोलता बोलता थांबलो, पण ते बोलून झालं होतं.

ताईने घडी घातलेले कपडे माझ्या हातात दिले. "माह्या मानासाठी नाई," ती म्हणाली. "एवढी वर्षं माह्या दारातून उपाशी जाऊन राहिले ते. मी कधी तोंडातून शब्द काढला नाई. आता खोटं सांगून त्याईले खाऊ घालू? मंग ते जेवले कोनाच्या घरी?"

मी म्हणालो, बाबांनी नियम सोडला असता तर तुला मूल होण्याची आशा सोडल्यासारखं झालं असतं, म्हणून त्यांनी तो धरून ठेवला असेल. हे मला त्या दुपारीच सुचलं होतं, त्यांचं ते 'लय वर्षं वाट पाह्यली' ऐकून. ताई म्हणाली, "तू आता त्याईले चांगलं ठरवून राहिला. ठरव. पण ताट मीच उचललं होतं ना रे."

बायको दारात येऊन म्हणाली, "नेऊ द्या त्यांना." मग मी नाही म्हणालो नाही.

दोन दिवस मीही सौंसरला राहिलो. जिजाजींनी बाबांसाठी पुढच्या खोलीत पलंग लावला होता. खिडकीचा उजेड ताटावर पडेल अशी खुर्ची ठेवली होती. बाबा उंबऱ्यातून आत आले आणि दाराजवळच्या दुसऱ्या खुर्चीच्या कडेवर बसले. पहिल्या दिवशी ते जेवले नाहीत. ताई वाढून आणायची, समोर ठेवायची, ते हात जोडायचे. "लेकरू होऊ दे तुले, माय." ती "बरं" म्हणून ताट झाकून ठेवायची आणि तासाभराने पुन्हा आणायची. संध्याकाळपर्यंत बाबांचे ओठ कोरडे पडले. ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा मी त्यांच्या कानाशी वाकलो. वाक्य माझ्या जिभेवर होतं. बोललो असतो. पण ती परत आली, आणि तिच्या नजरेने मी पुन्हा ताठ बसलो. बाबा घोटभर पाणीही न पिता झोपले.

सकाळी ताईने ज्वारीची भाकर दुधात कुस्करली, वरून साखर घातली आणि ते मोठ्या वाटीत घेऊन त्यांच्यासमोर खाली बसली. जिजाजी पेपर बाजूला ठेवून उभे होते.

"बाबा," ती म्हणाली, "मी तुमची लेक आहे. मले लेकरू नाई झालं."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. आदल्या दिवशीही ते पाहत होते, पण हे निराळं होतं, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

"नाई झालं?"

"नाई. आता होतही नाई, बाबा. वय झालं माहं."

बाबांचे हात मांडीवरच्या थैलीवर होते. मग ते म्हणाले, "दुःख झालं असंल तुले."

"झालं," ताई म्हणाली. "आता तुम्ही जेवा."

तिने चमचा त्यांच्या ओठांजवळ नेला नाही. वाटीच पुढे धरली. बाबांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि स्वतःच्या हाताने खाल्लं. अर्ध्यावर सोडलं. टोपी काढली नाही. पाणी मागितलं, ते ताईने दिलं, एकेक घोट. जिजाजी बाहेर ओट्यावर निघून गेले. मी तिथेच उभा राहिलो.

त्या दिवशी बाबांना काय समजलं, ते मला कधीच कळणार नाही. त्यांनी नियम सोडला, की त्या सकाळी नियमच त्यांच्यातून निसटला होता? मी ताईला एकदा हे विचारलं. ती म्हणाली, "मले नाई विचारायचं त्याईले." मीही पुन्हा काढलं नाही.

बाबा आता तिच्याकडेच आहेत. तिथे ते माझ्याकडे जेवायचे तितकं जेवत नाहीत. हे मला मान्य करावं लागतं, आणि ते सोपं नाही. ती रोज खरं सांगते. काही दिवस ते ऐकून वाटी घेतात. काही दिवस उठून दाराकडे चालू लागतात आणि ती ताट झाकून ठेवते. त्यांचे हात पुन्हा बारीक दिसू लागलेत. डॉक्टर म्हणाले, पुढे गिळणंही कमी होत जाईल, आता जे आणि जितकं खातील ते खाऊ द्या. मागच्या रविवारी मी गेलो, तेव्हा माझ्या मनात ते खोटं पुन्हा आलं. बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते, ताट तसंच पडलेलं, आणि मला एका वाक्यात त्यांना भाकर खाऊ घालता आली असती. मी बाहेर जाऊन ओट्यावर बसलो.

ताई रोज दुपारी फोन करते. आज काय खाल्लं, किती, ठसका लागला का. सुरुवातीला मी विचारायचो, "तू ते सांगितलंस का आज?" आता तेवढं विचारणं मी सोडलं आहे. काल ती म्हणाली, संत्र्याच्या फोडी सोलून बिया काढून दिल्या, तीनचार चोखून खाल्ल्या, चोथा टाकून दिला. भाकर नाही खाल्ली. मग तिच्या हातून दोन घास वरणभात. "बस, एवढंच," ती म्हणाली. मी म्हणालो, "बरं. रविवारी येताना संत्री घेऊन येतो."